दहावा माणूस

"दार दुखते," आई म्हणाली, आणि दवाखान्यातली कंपाउंडर मुलगी दरवाजाकडे बघायला लागली.

आमच्या आगरी बोलीत ड आणि ढ दोघांचाही र होतो. आम्ही फोटो कारतो, ताटात भात वारतो, आणि दाढ ठणकायला लागली की आमची दार दुखते. वळहून ठाण्याला दंतवैद्याकडे आलो होतो. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या मागे तास गेला होता आणि आई गालावर पदर दाबून बसली होती. मी दुरुस्ती करायच्या आत आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले. गोरटेले, टक्कल पडलेले, साठीचे. आईजवळ वाकून त्यांनी विचारलं, "कंची दार गो, आये? वरची का खालची?"

त्यांची आजी अलिबागकडची होती. भाषा तिची होती. डॉक्टर ज्यू होते.

ही ओळख मला त्या दिवशी झाली नाही. चौकटीच्या उजव्या खांबाला बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी ठोकलेली होती, ती मला दाराच्या बेलचा जुना भाग वाटली. आत चर्मपत्रावर धर्मग्रंथातला मजकूर असतो आणि तिला मेझुझा म्हणतात, हे पुढे कळलं. पाटीवर 'शनिवारी बंद' होतं. भिवंडीत शुक्रवारची सुट्टी आम्हाला ओळखीची, रविवारची सरकारी. ही शनिवारची कुणाची, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आम्ही शनवार तेली." एवढं बोलून त्यांनी आईच्या हातात छोटा आरसा दिला आणि पन्नास वर्षांच्या मिश्रीने तिच्या हिरड्यांचं काय केलंय ते तिचं तिलाच बघू दिलं. उपदेश केला नाही. वळला परत येताना आई गप्प होती. मिश्री तिने त्यानंतर सोडली असं म्हणालो तर खोटं होईल, पण डबी माझ्यासमोर उघडायची बंद झाली.

नंतर आमच्या घरातले सगळे दात त्यांच्याच हाताखालून गेले. भावांचे, भावजयांचे, गोदामात हमाली करणाऱ्या शेजाऱ्यांचे. वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर, गुंदवली या पट्ट्यात भाताची खाचरं गेली आणि गोदामं आली, तशी तोंडंही बदलली. मिश्रीच्या जागी गुटखा आला. २०१२ साली राज्यात त्यावर बंदी आली तरी डॉक्टरांना तो रोज भेटत होता. तरणीताठी पोरं यायची आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडायचं नाही. त्यांना ते दात काढण्याआधी मोठ्या इस्पितळात पाठवत. पैसे घेत नसत. "मी कुठे काय केलं? चिठ्ठी लिहिली," म्हणत.

त्यांच्यावर लिहायचं माझ्या मनात होतं. बायको, दोन मुली, म्हातारी आई, दवाखाना आणि सिनेगॉग या पाच गोष्टींभोवती माणूस चाळीस वर्षं कसा फिरत राहतो, ते मला मांडायचं होतं. त्यांनी साफ नकार दिला. "दात काढले, दात भरले. यात लिहिण्यासारखं काय आहे? आमच्यातल्या डॉक्टरांवर लिहायचं तर जेरुशाबाईंवर लिहा." पुढची पानं त्या नकारातून आली आहेत, आणि म्हणून त्यात डॉक्टरांचं नाव नाही.

*

डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे येण्याआधी हे 'आमच्यातले' म्हणजे कोण, ते सांगायला हवं. कारण मराठी वाचकाला ज्यू म्हटलं की हिटलर आठवतो, इस्रायल आठवतो. पेण आठवत नाही.

बेने इस्रायलांची परंपरा अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि हा समाज त्यांचा वंश. बुडालेल्यांना पुरल्याची जागा नवगावला दाखवतात. किती शतकांपूर्वी, यावर विद्वान भांडत आले आहेत. मला त्या भांडणात रस नाही. मला रस आहे तो या लोकांनी कोकणात काय धंदा धरला आणि काय सोडलं नाही त्यात. धंदा धरला तेलाच्या घाण्याचा. सोडला नाही शनिवार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. मुलांची सुंता, खाण्यातले काही निषेध आणि हिब्रूतली 'शेमा' ही एक प्रार्थना एवढं सामान त्यांनी जपलं. बाकी सगळं, भाषा, लुगडं, हिरवा चुडा, मंगळसूत्र, आडनाव, इथलंच. पेणचे ते पेणकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहीमकर. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव, मांडव्याहून अलिबागला जाताना लागतं. जेरुशाबाईंच्या घराण्याने पुढे 'कर' लावला नाही, नुसतं गावच आडनाव म्हणून घेतलं.

पैगंबर एलियाहूवर या लोकांची विलक्षण श्रद्धा. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकून स्वर्गात गेला, अशी समजूत. खडकावरची खूण दाखवतात. नवस फेडताना पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा करतात. आमच्या डॉक्टरांनी मला तो पहिल्यांदा दिला तेव्हा मी म्हणालो, हे तर कोजागिरीच्या पोह्यांसारखं लागतं. ते म्हणाले, "लागणारच. पोहे तेच आहेत."

अठराव्या शतकात हा समाज मुंबईत उतरला, पलटणीत गेला, सुतारकाम-गवंडीकाम करू लागला. सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल दिवेकर, यांनी १७९६ साली मांडवी भागात पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायलांची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनच्या नावात तीच मशीद आहे असं ते अभिमानाने सांगतात. मिशनऱ्यांच्या शाळांनी इंग्रजी दिली आणि गंमत अशी की हिब्रूही दिली. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची मराठी हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी लाटणाऱ्या बायका नेसलेल्या आहेत चक्क साड्या. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. घाण्यावरून शाळेत, शाळेतून कचेरीत आणि कचेरीतून ग्रँट मेडिकल कॉलेजात हा प्रवास दोन-तीन पिढ्यांत झाला. एवढ्याशा समाजातून, जो ऐन भरात असताना, म्हणजे १९५०च्या आसपास, वीस हजारांच्या घरात होता, इतके डॉक्टर कसे निघाले, याचं उत्तर मी शोधत राहिलो. मला पटलेलं उत्तर साधं आहे. जमीन नव्हती, मोठा व्यापार नव्हता. बगदादकडून आलेल्या ज्यूंच्या गिरण्या होत्या, पण बगदादी यांना बरोबरीचं मानत नव्हते. पदवी हे एकच धन होतं, आणि ते समुद्रात बुडत नाही.

महालक्ष्मीहून वरळीला जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज लाखभर मराठी माणसं जात असतील. हे इलायजा मोझेस बेने इस्रायली डॉक्टर, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. डॉ. अब्राहम एरुळकर हे गांधीजींवर उपचार करणाऱ्यांपैकी एक. त्यांची मुलगी लीला पुढे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्लाफ्कोस क्लेरिडीसची पत्नी. पण एरुळकरांचं मला महत्त्वाचं वाटणारं काम दुसरं आहे. १९३३ नंतर जर्मनीतून आणि मग ऑस्ट्रियातून जीव घेऊन पळालेले ज्यू मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. त्यांत डॉक्टर होते, दंतवैद्यही होते. १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. इथल्या डॉक्टरांत कुरकुर होती की हे परके येऊन आमचे रोगी पळवणार. त्या वेळी एरुळकर मेडिकल कौन्सिलवर होते आणि या निर्वासितांना इथे वैद्यकी करता यावी म्हणून ते झटले. कोकणच्या माणसाने व्हिएन्नाच्या माणसासाठी रदबदली करावी, ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही, चांगल्या अर्थाने.

*

जेरुशा झिराड १८९० साली शिमोग्याला जन्मल्या आणि शिकल्या पुण्यात, हुजूरपागेत. लहान असताना बहीण आजारी पडली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलात तिला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, आणि मुलीने ठरवलं की मी डॉक्टर होणार आणि याच हॉस्पिटलाची प्रमुख होणार. थोरांच्या चरित्रांत असे बालपणीचे निश्चय पुष्कळ सापडतात आणि मी ते सहसा सोडून देतो. हा सोडता येत नाही, कारण तो तपशिलासकट खरा ठरला.

कामा हॉस्पिटल काय होतं ते बघा. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका तयार नाहीत, म्हणून बायकांनी बायकांसाठी चालवायचं इस्पितळ, ही कल्पना सोराबजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी किट्रेज यांनी लावून धरली. पेस्तनजी कामांनी पैसा दिला. १८८६ साली ते उघडलं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कामाच्या पहिल्या प्रमुख एडिथ पीची यांनी रखमाबाईंना लंडनला शिकायला जाण्यासाठी मदत केली. आनंदीबाई आणि रखमाबाई आपल्याला पाठ आहेत. कादंबऱ्या आहेत, चित्रपट आहेत. त्याच वाटेवर पुढे चालत गेलेली जेरुशाबाई आपल्या यादीत नाही. द्वेषाने वगळलं म्हणावं तर तसंही नाही. आपल्याला त्या 'आपल्यातल्या' वाटल्या नाहीत, एवढंच.

ग्रँट मेडिकलमधून १९१२ साली त्या बाहेर पडल्या. परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनमध्ये शिकत होत्या. १९१९ साली तिथली एम.डी. घेतली, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात. परत आल्यावर दिल्ली, बंगळूर, आणि १९२८ साली कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदावर. या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय. १९४७पर्यंत त्या तिथे होत्या. १९५० साली देशभरच्या प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ उभा राहिला, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १९६६ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं एका परिच्छेदात उरकलं, कारण सन्मानांची यादी वाचून कुणाला माणूस कळत नाही.

मला त्या कळल्या त्या एका अहवालातून. १९३७-३८ साली त्यांनी मुंबई शहरातल्या मातामृत्यूंची चौकशी केली. अहवाल १९४१ साली निघाला. बाळंतपणात बाई मेली तर त्या काळी घरचे म्हणत, आयुष्य सरलं. नोंदीत 'बाळंतज्वर' लिहिलं जाई, कधी नुसतंच 'ताप'. जेरुशाबाईंनी विचारलं, नक्की कशाने? रक्तक्षय होता का? तो कधीपासून? सुईण कुणी आणली, इस्पितळात किती उशिरा आणलं, पाय सुजले होते तेव्हा कुणाला दाखवलं होतं का? मेलेली प्रत्येक बाई ही एक केस म्हणून उलगडायची, आणि मग मोजायची. आजही आपल्या सरकारी इस्पितळांत मातामृत्यूचं अन्वेषण होतं, त्याचे फॉर्म भरून घेताना आशाताई घामाघूम होतात. तो फॉर्म कंटाळवाणा वाटतो. पण कुणीतरी एकदा त्या रकान्यांत नशीब लिहायचं बंद करून कारण लिहायला लावलं, म्हणून तो फॉर्म आहे.

हे मोजणं मला विशेष का वाटलं, ते आता सांगतो. यहुदी परंपरेत सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात. त्याला मिनियान म्हणतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. पण माणसं एक-दोन-तीन अशी बोट दाखवून मोजायची नाहीत. दाविद राजाने शिरगणती केली आणि रोगराई आली, अशी बायबलात कथा आहे. मग एक युक्ती. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. प्रत्येक माणसामागे एक शब्द म्हणत जायचं. वचन पुरं झालं की दहा भरले. आणि सनातनी रिवाजात हे दहाही पुरुष. जेरुशा झिराड सिनेगॉगात उभ्या असल्या तरी त्यांच्या नावचा शब्द त्या वचनात नव्हता.

त्यांनी यावर आरडाओरड केल्याचं माझ्या वाचनात नाही. केलं काय ते दिसतं. १९१३ साली, लंडनला जाण्याआधीच, बेने इस्रायल स्त्री मंडळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता. लंडनमध्ये लिली मॉन्टेग्यू आणि क्लॉड मॉन्टेफिओरी यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांची ओळख झाली. तिथे बाई व्यासपीठावरून प्रवचन देत होती. १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू झाली ती जेरुशाबाईंच्या खटपटीने. रोडेफ शालोम हे तिचं सिनेगॉग. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी शेकडो वर्षं एक शनिवार आणि एक प्रार्थना एवढ्यावर धर्म टिकवला, त्यांना त्यातलं काहीही हलवलं की भीती वाटणारच. पण ज्या बाईने दिवसभर मेलेल्या बायकांचे कागद चाळले तिला प्रार्थनेत बायका न मोजण्याचं कारण पटत नसेल, हेही समजण्यासारखं आहे.

*

पुन्हा दातांकडे येतो. दंतवैद्यकी हा वैद्यकीतला तसा उशिरा आलेला पाहुणा. १९२०मध्ये कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमदांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायरचं १९३३चं, सरकारी १९४५चं. दंतवैद्यांचा कायदा १९४८चा. तोवर रस्त्याच्या कडेला जर्मनच्या थाळ्यात दात मांडून बसणारे आणि घरी दोरा बांधून दार आपटणारे आपलेच मामा-काका हेच दंतवैद्य. म्हणजे बेने इस्रायलांची मुलं या नव्या विद्येत शिरू लागली नेमकी तेव्हा, जेव्हा त्यांची काकामंडळी जहाजात चढत होती. १९४८नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद. तिथे त्यांना पहिली काही वर्षं 'हे खरे ज्यू का?' या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. १९६४ साली धर्मपीठाने तो मिटवला. आज भारतात उरलेत चार-पाच हजार, त्यांतले बरेच मुंबई-ठाण्यात. राज्य सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

आमच्या डॉक्टरांचे तिन्ही भाऊ गेले. हे का राहिले, असं मी विचारलं तेव्हा वडिलांचं नाव, आईचं आजारपण, दवाखान्याचं कर्ज असं बरंच काही सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि मी गेलो असतो तर त्या वर्षी शनिवारी नऊच उरले असते." मला वाटलं विनोद केला. हसलो. ते हसले नाहीत.

शेवटचं एक दृश्य सांगतो, मग वाचक पानं उलटायला मोकळा. माझी अक्कलदाढ त्यांनी एका शुक्रवारी दुपारी काढली. आडवी उगवलेली, हट्टी. सुई दिली, हिरडी बधिर झाली, आणि मग तोंडात कुणी सुतार काम करतोय असे आवाज. पाऊण तास लागला. ताटलीत दाढ टणकन पडली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. कापसाचा बोळा दाबून ते म्हणाले, "तासभर थुंकायचं नाही. बोलायचं नाही. रात्री आइस्क्रीम चालेल." तेवढ्यात फोन वाजला. "किती? नऊ? आलो."

कंपाउंडर मुलगी गेली होती. त्यांचा हात भरून आला होता, म्हणून मी स्कूटरवर त्यांना सिनेगॉगपर्यंत सोडलं. सूर्य अजून होता, वाहनात बसायला हरकत नव्हती. ते आत गेले. मी अंगणातल्या बाकावर कापूस दाबून बसलो. ऊन गेलं. आतून हिब्रू ऐकू येऊ लागलं, म्हणजे दहा भरले होते. काही वेळाने डॉक्टर दारात आले. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होणारा त्यांचा शनिवार, लागल्यावर दिवा लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, दुसऱ्याला दाबायलाही सांगायचं नाही. हे त्यांनीच मला कधीतरी खुर्चीत तोंड उघडं असताना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या नारळाकडे बघत म्हणाले, "आत फार उकडतंय, बाबा. पंखे लावायचे राहिलेत."

मला बोलायला मनाई होती. चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला आणि उठलो.